ठोंबऱ्यांची आचारसंहिता

आमच्या शेजारी ठोंबऱ्यांच्या घरी बटाटे सीलबंद असत. थट्टा नाही करत. सुपरमार्केटातून आणलेली पिशवी हा माणूस घरात न्यायचाच नाही. मागच्या अंगणात सायकली ठेवायची लाकडी शेड आहे, तिचं नाव त्यांनी ‘स्ट्राँग रूम’ ठेवलं होतं. पिशवी तिथं जायची. मग दाराला कुलूप, कुलपावर पांढऱ्या कागदाची पट्टी आणि पट्टीवर लफ्फेदार सही. दोन-तीन दिवसांनी, पिशवीवरचा कोरोना आपोआप मेला असं गृहीत धरून, सील फोडायचं. पण ते फोडताना साक्षीदार लागायचा. साक्षीदार म्हणजे कुंपणाच्या अलीकडे हातात चहाचा कप धरून उभी असलेली मी.

“वहिनी, सील शाबूत असल्याची खातरजमा करून घ्या.”

“केली हो भाऊजी.”

“मोठ्यानं सांगा, म्हणजे हरकत राहणार नाही.”

“सील शाबूत आहे!” मी ओरडायची. मग बटाटे बाहेर यायचे. त्यांना साबणाच्या पाण्यात अंघोळ घातली जायची आणि उन्हात, म्हणजे हॉलंडमध्ये जे काही ऊन मिळतं त्यात, ओळीनं वाळत ठेवलं जायचं. एकदा माझ्या नवऱ्यानं विचारलं, “काय ठोंबरे, आज कोण आघाडीवर? बटाटे की कांदे?” तर ठोंबरे आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

आम्ही राहतो विमानतळाजवळच्या उइटहॉर्न गावात. आमचं घर आणि त्यांचं घर एकाच भिंतीला चिकटलेलं. मी ठाण्याची, नवरा शहरातल्या स्लोटरडाइक भागात एका ऑफिसात आयटीत. ठोंबऱ्यांकडे हिशेब उलटा. आयटीतली हुशार इंजिनिअर म्हणजे त्यांची बायको सुनीता. वसंतराव ठोंबरे हे सोलापूर जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत निवडणूक शाखेत कारकून होते. बायकोला इकडे नोकरी लागली तशी त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि मागोमाग आले. सरकारी नोकरी सोडली, तीही बायकोसाठी! तालुक्यात म्हणे लोक मुद्दाम घरी येऊन बघून गेले, याला काही झालंय का म्हणून.

नोकरी सुटली, पण कचेरी तोंडातून गेली नाही. “वहिनी, काल आपण पाठवलेल्या आमटीच्या अनुषंगाने कळवतो, की मीठ किंचित जास्त होते. नोंद घ्यावी.” हे असं. बरं, यात मिश्कीलपणाचा लवलेश नाही. चेहरा पूर्ण गंभीर. सायकल पंक्चर झाली तर “वाहन नादुरुस्त आहे” म्हणायचे, आणि पाहुणे येणार असले तर “दौरा आहे”. डच भाषासुद्धा ते अशीच शिकले. गेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेलं प्रत्येक पत्र ते मोठ्यानं वाचायचे. त्यामुळे ब्रेड मागताना त्यांचं डच अडखळायचं, पण कराबद्दल तक्रार करताना घडाघडा वाहायचं.

आता हसायला येतं. तेव्हा मात्र काय दिवस होते ते! आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. इतकी खाली, की पोटावरची अक्षरं वाचता यावीत. लॉकडाउनच्या त्या मार्चमध्ये ती एकदम थांबली. इतकी वर्षं त्या आवाजाला शिव्या घातल्या आणि तो गेल्यावर आम्हाला धडकीच भरली. सकाळी उठून मी आधी आभाळाकडे बघायची. दूरवर कुठंतरी अँब्युलन्स वाजली की मी आणि ठोंबरे, दोघंही आपापल्या मागच्या दारात येऊन उभे राहायचो. आवाज आपल्या गल्लीकडे वळतोय का एवढंच ऐकायचो.

त्यांना भीती स्वतःची नव्हतीच. भीती होती सुनीताची. कोरोना यायच्या आदल्याच वर्षी तिची किडनी बदलली होती. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्या माणसाची प्रतिकारशक्ती पार झोपवून टाकतात. कोरोना आला तेव्हा डॉक्टरांनी ठोंबऱ्यांना बसवून सांगितलं, की हिला साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. ठोंबरे त्या दिवशी घरी आले आणि त्यांनी घराचे दोन भाग केले. वरचा मजला सुनीताचा, खालचा त्यांचा. ती घरातूनच काम करायची. बाहेर जाणार फक्त ठोंबरे, म्हणून धोका फक्त ठोंबरे. ते तिचं ताट जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचे, खाली उतरायचे आणि मग “घे” म्हणायचे. जेवण दोघं एकत्रच करायचे. ती वर जिन्याच्या तोंडाशी बसून, हे खाली चपलांच्या स्टँडजवळ.

“मी बायको आहे की उमेदवार, तेच कळत नाही,” सुनीता मला खिडकीतून म्हणाली होती. “घरात आचारसंहिता लागलीय गं. भेटीगाठी बंद, हस्तांदोलन बंद. बरं, निवडणुकीची आचारसंहिता निकाल लागला की उठते तरी.”

मी हसले. ती पण हसली. मग खिडकी लावून घेतली.

पुढच्या वर्षी भारतात दुसरी लाट आली आणि एका दुपारी ठोंबऱ्यांना फोन आला. त्यांनी जी खुर्ची सोडली त्या खुर्चीवर पवार म्हणून त्यांचे मित्र बसले होते. निवडणुकीच्या ड्यूटीवरून आले, ताप भरला आणि आठवड्यात गेले. ठोंबऱ्यांनी मला हे कुंपणाशी उभं राहून सांगितलं. “माझ्या जागेवर होता, वहिनी,” एवढंच म्हणाले. पुढं अनुषंगानं वगैरे काही नाही. त्या दिवसापासून पिशव्यांवर एकाची दोन सीलं झाली.

हळूहळू जग सुटलं. लसी झाल्या, विमानं परत डोक्यावर आली, दुकानातले मास्क गेले. गाव पुन्हा कॅफेबाहेर बसून बिअर पिऊ लागलं. सुनीताचे डॉक्टरसुद्धा म्हणाले, की मास्क लावून, गर्दी टाळून थोडं बाहेर पडत जा. ठोंबऱ्यांनी ऐकून घेतलं आणि काहीही बदललं नाही. “शिथिलतेबाबतचे आदेश अद्याप प्राप्त नाहीत,” असं मला म्हणाले. आदेश कुणाकडून यायचे होते देव जाणे.

आणि मग दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये इथल्या नगरपालिकेची निवडणूक आली.

इथं पाच वर्षं कायदेशीर राहिलं की परदेशी माणसालाही नगरपालिकेसाठी मत देता येतं. आमचं चौघांचंही पहिलंच मत. ठोंबऱ्यांच्या अंगात जीव आला. पण निवडणूक बघून त्यांचा विरसच झाला. गेमेंटेनं चौकात एक मोठा फळा उभा केला होता आणि त्यावर सगळ्या पक्षांची पोस्टरं एका मापात, शेजारी शेजारी. “एकानंही दुसऱ्यावर चिकटवलेलं नाही, वहिनी!” ते काळजीनं म्हणाले. “हे लोक निवडणूक गांभीर्यानं घेत नाहीत.” भोंगा नाही, रिक्षा नाही. एक उंच, भला उमेदवार सुपरमार्केटच्या दारात ट्यूलिपची फुलं वाटत होता. त्यानं ठोंबऱ्यांपुढे फूल धरलं, ठोंबरे दोन पावलं मागं सरले, तो दोन पावलं पुढं आला. करता करता त्यानं त्यांना सायकल स्टँडपर्यंत नेलं. शेवटी ठोंबऱ्यांनी “माझं मत तुम्हालाच, पण जवळ येऊ नका” असं आश्वासन देऊन सुटका करून घेतली. आश्वासन मतदारानं द्यायचं, ही पद्धत मी पहिल्यांदाच पाहिली.

मतदान केंद्रांवर स्वयंसेवक कमी पडत होते. नेहमीचे आजी-आजोबा कोरोनाला घाबरून मागं हटले होते. मी माझं नाव दिलं. यादी आली तेव्हा माझ्या खाली नाव, व्ही. ठोंबरे. मी चाटच पडले. धावत कुंपणाशी गेले तर हा माणूस माझ्याहून पांढरा पडलेला.

“मी नाही दिलं. हिनं दिलंय. माझ्या नावानं. परस्पर!”

वरच्या खिडकीतून सुनीता म्हणाली, “दिलंय. दोन वर्षं झाली, हा माणूस बटाट्यांशी बोलतोय. माणसात जाऊ दे की त्याला.”

“आणि तिथून काही घेऊन आलो तर? तुला झालं तर?”

“अहो, आता डॉक्टर नाही म्हणत नाहीत.”

“त्या डॉक्टरांनी पवारचं घर नाही पाहिलं!” ठोंबरे एवढ्या मोठ्यानं ओरडले, की पलीकडच्या अंगणातला डच शेजारी कात्री हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि ते शेडमध्ये निघून गेले.

पण केंद्रावर जाणार नाहीत असं कसं होईल! निवडणुकीची ड्यूटी त्यांनी उभ्या जन्मात टाळली नव्हती. ट्रेनिंग ऑनलाइन होतं. शिकवणाऱ्या बाईंनी “काही प्रश्न?” म्हटल्यावर ठोंबऱ्यांचा हात वर. पोलीस बंदोबस्त किती? बाई म्हणाल्या, नाही. आदल्या रात्री केंद्रावर मुक्कामाची सोय? बाईंना प्रश्नच कळला नाही. आम्हा लोकांना तो नीट कळतो, कारण आपल्याकडे मास्तर आणि कारकून पेटी-बिस्तरा घेऊन आदल्या दिवशीच शाळेत जाऊन पडतात. बाई हसून म्हणाल्या, “तुम्ही आपापल्या घरी झोपा, सकाळी सायकलनं या.” ठोंबऱ्यांनी मला लगेच फोन केला. “वहिनी, यंत्रणा अत्यंत ढिसाळ आहे.” आवाजात गेल्या दोन वर्षांत ऐकला नव्हता असा उत्साह होता.

खरा तंटा झाला तो सुनीताच्या मतावरून. इथं आपलं मत दुसऱ्याला द्यायला सांगता येतं. कागदावर सही करायची, की तो माणूस तुमच्या वतीनं मत देतो. ठोंबऱ्यांनी तो कागद मधल्या पायरीवर ठेवला. सुनीतानं तो तसाच खाली सोडून दिला. त्यांनी परत ठेवला, तिनं परत सोडला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी ऐकत होते, खोटं कशाला बोलू.

“माझं मत आहे. मी जाऊन देणार.”

“तिथं दिवसभर लोक श्वास घेणार आहेत, सुनीता!”

“मीही घेते, अहो. या घरात. दोन वर्षं एकटी घेते.”



मतदानाच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये आमचं केंद्र. केंद्रप्रमुख खेरिट नावाचे निवृत्त गृहस्थ, सोबत त्यांचं म्हातारं कुत्रं. ते टेबलाखाली येऊन पसरलं. “केंद्रात कुत्रं!” ठोंबरे माझ्या कानात पुटपुटले. मग त्यांनी मतपेटी पाहिली. इथं मतपेटी म्हणजे चाकांची, झाकणाची, घराबाहेर कचऱ्याला ठेवतो तसली उंच प्लॅस्टिकची पेटी, वर एक फट. ठोंबरे तिच्याभोवती फिरले, आत वाकून पाहिलं, पेटी रिकामी असल्याचं आम्हा दोघांना दाखवलं आणि मग जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना सावरायला थोडा वेळ लागला.

टेबलापुढे पारदर्शक पडदा होता, खाली कागद सरकवण्यापुरती फट. खेरिट ओळखपत्र पाहायचे, मी मतदानाचा पास तपासायची आणि ठोंबरे मतपत्रिका द्यायचे. मतपत्रिका केवढी, तर टेबलावर अंथरावी एवढी. सोबत एक लाल पेन्सिल, कोरोनामुळे प्रत्येकाला स्वतंत्र, घरी न्यायची. ठोंबऱ्यांनी दोन मास्क लावले होते, वर प्लॅस्टिकची ढाल. हातमोज्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी घरून पापड भाजायचा चिमटा आणला होता. कागद चिमट्यानं, पेन्सिल चिमट्यानं. डच लोक विनम्र. प्रत्येकानं ती पेन्सिल चिमट्यातून घेतली आणि “थँक यू” म्हटलं.

पण मी शेजारी होते ना. मला दिसत होतं. कुणी खोकलं, की हा माणूस श्वास धरून बसायचा. एक आजोबा जोरात शिंकले तेव्हा त्यांनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली, की बोटं पांढरी झाली. खेरिटनी कॉफी आणि केक आणला. ठोंबऱ्यांनी मास्क काढावा लागेल म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. दर थोड्या वेळानं दाराकडे बघायचे. मी म्हटलं, “नाही येणार हो ती.” ते म्हणाले, “तिला तुम्ही ओळखत नाही.” हे बाकी खरं होतं.

दुपारी जेवणानंतर हॉल रिकामा झाला, आणि सुनीता आली. जाड कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडावर पांढरा मास्क. दारात क्षणभर थांबून तिनं सगळा हॉल पाहिला. दोरीच्या शिड्या, भिंतीवरची मुलांची चित्रं, सगळं. केवढी बारीक झाली होती! खिडकीतून इतकं कळलं नव्हतं. मला एकदम रडूच आलं. मी पासांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं.

खेरिटनी ओळखपत्रावरचं नाव वाचलं. मग ठोंबऱ्यांकडे पाहिलं. “तुम्ही एकमेकांना ओळखता?”

“थोडीफार ओळख आहे,” सुनीता डचमध्ये म्हणाली.

ती माझ्यापुढून सरकली आणि ठोंबऱ्यांपुढे येऊन उभी राहिली. मध्ये पडदा. ठोंबरे खाली मान घालून मराठीत म्हणाले, “कशाला आलीस गं?”

“मत द्यायला. कागद द्या.”

त्यांनी चिमट्यानं मतपत्रिका उचलली. कागद सुटला, परत उचलला, परत सुटला. मागं एक तरुण येऊन उभा राहिला होता, तो शांतपणे वाट पाहत होता. ठोंबऱ्यांनी चिमटा खाली ठेवला. मतपत्रिका हातानं घडी केली आणि फटीतून सरकवली. पेन्सिल सरकवली. सुनीतानं उजव्या हातानं दोन्ही घेतलं. तिचा डावा हात टेबलावर होता, फटीच्या अगदी जवळ.

ठोंबऱ्यांनी तो हात धरला. म्हणजे हात नाही. डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या खाली, अंगठा आणि दोन बोटांत. आपल्याकडे प्रत्येक मतदाराची धरतात तशीच. त्यांनी बोट किंचित वळवून नख उजेडाकडे केलं आणि तसेच थांबले.

“शाई नसते इथं,” सुनीता हळू आवाजात म्हणाली.

“माहीत आहे,” ठोंबरे म्हणाले.

त्यांनी बोट सोडलं नाही. तिनंही काढून घेतलं नाही. मास्कवर तिचे डोळे तेवढे दिसत होते, ते भरून आले होते. रांगेतल्या तरुणानं एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग उगाच चित्रं बघू लागला. खेरिट वाकून कुत्र्याचा पट्टा नीट करत बसले. पट्टा आधीच नीट होता.

मग तिचं तिनंच बोट हळूच सोडवलं, ती अफाट मतपत्रिका घेऊन आडोशाला गेली, मत दिलं, पेटीत टाकलं आणि ताठ मानेनं बाहेर पडली. ठोंबरे दाराकडे बघत राहिले. समोर सॅनिटायझरची बाटली होती. त्यांनी तिला हात लावला नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “तिला काही होणार नाही ना?”

कचेरीतला एकही शब्द नव्हता. लहान मूल विचारतं तसं विचारलं. मी म्हटलं, “नाही होणार हो.” मलाही भीती वाटतच होती.

पुढचा आठवडा ठोंबरे जिन्याखाली बसून होते. वर खोकल्याचा आवाज येतोय का, हे ऐकत. सुनीताला काही झालं नाही. नगरपालिकेचा निकाल लागला, कोण आलं, कोण पडलं, ते आमच्याकडे कुणी विचारलंसुद्धा नाही. एका सकाळी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तर अंगणात दोन खुर्च्या. एका खुर्चीवर सुनीता उन्हात डोळे मिटून बसलेली, दुसरीवर ठोंबरे बटाटे सोलत. मला पाहून ते उठले आणि कुंपणाशी आले.

“त्या दिवशी केंद्रावर जे झालं,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “ते निव्वळ सवयीनं झालं, वहिनी. नोकरीतली सुरुवातीची वर्षं मी शाई लावायलाच बसायचो. मतदार समोर आला की हात आपोआप जातो.”

“असेल हो भाऊजी,” मी म्हटलं.

त्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्या शेजारीच बसले होते. दुसऱ्या कुणाचंही बोट त्यांनी धरलं नव्हतं.